डाव्या बाजूचे उंदीर

रोह्याला आम्ही कंपनीच्या कॉलनीत राहायचो. शाळेत इंग्रजी, घरात मराठी आणि कॉलनीच्या मैदानावर हिंदी अशा तीन भाषा मिळून मी दिवसभरात जेवढं बोलायचे, तेवढं शेजारची मुलगी शाळेच्या बसमध्येच बोलून संपवायची. मला बोलायचं नसायचं असं नाही. पण बोलण्याआधी मी वाक्य मनात एकदा म्हणून बघायचे, आणि ते नीट जमेपर्यंत विषय बदललेला असायचा.

मला आवडणाऱ्या गोष्टी अशा होत्या की त्यांना लोक लागायचेच नाहीत. कॉमिक्स. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, ज्याची एकच कॅसेट आमच्याकडे होती आणि तिच्यातली शेवटची पातळी मी डोळे मिटूनही पार करू शकायचे. आणि वह्या. मी न पाहिलेल्या राज्यांचे नकाशे काढायचे, त्यांच्या नद्यांना नावं द्यायचे, कुठल्या किल्ल्यात किती सैनिक आहेत त्याचे तक्ते करायचे. पप्पा शिफ्टवरून आले की माझ्या टेबलाशी थांबून विचारायचे, "हे परीक्षेला आहे का?" मी "नाही" म्हणायचे. ते पुढे काही म्हणायचे नाहीत, आणि ते मला जास्त लागायचं.

आठवीत असताना शाळेच्या वाचनालयातल्या परदेशी मासिकांच्या गठ्ठ्यात एक लेख सापडला. तिकडे मोठी माणसं टेबलावर लहान लहान सैनिक मांडून, फासे टाकून लढाया खेळतात. सैनिक स्वतः रंगवतात. नियमांची जाड पुस्तकं असतात. तो लेख मी वाचनालयात बसून तीनदा वाचला. माझ्यासारखी माणसं जगात कुठेतरी आहेत आणि ती म्हातारी होईपर्यंत तशीच राहिली तरी चालतं, ही बातमी मला त्या लेखात मिळाली.

पण माझ्याकडे सैनिक नव्हते. ते मामाकडे मिळाले.

मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, पेणजवळ हमरापूरच्या बाजूला राहायचा. त्याचा गणपतीचा कारखाना होता. तिकडे कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, कोब्याची जमीन आणि भिंतीला लागून ओळीने उभे पांढरे गणपती. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिने ही सगळी कामं वेगवेगळी माणसं करायची. डोळे मात्र मामाच काढायचा. त्याला आखणी म्हणतात आणि ती सगळ्यांत शेवटी होते. आखणीला बसलेला मामा बोलायचा नाही. मूर्ती त्याच्यासमोर पाटावर सरळ आणून ठेवायची, त्याने शून्य नंबरच्या ब्रशने एक रेघ वर, एक रेघ खाली ओढायची, मध्ये बुबुळ, आणि मूर्ती बघायला लागायची. मग ती उचलायची, पुढची ठेवायची. दिवसाला किती, ते मोजायचं नाही, असं मामी सांगायची.

मूर्तीबरोबर उंदीर लागतोच. लहान मूर्तींचे उंदीर अंगठ्याएवढे, एकाच साच्यातून ढिगाने काढलेले. त्यातले शेपूट तुटलेले, कान उडालेले उंदीर एका बादलीत टाकून द्यायचे. दिवाळीच्या सुट्टीत मी ती बादली पाहिली आणि मला माझं सैन्य दिसलं.

"मामा, हे मी घेऊ?"

"घे की. काय करणार गो त्यांचं?"

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, एवढं सलग. मामाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्याकडनं कोण लढणार?"

मामी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "झालं. एक होती, आता दोन झाली."

माझे उंदीर शेल्याच्या जांभळ्या रंगाचे, मामाचे पितांबराच्या पिवळ्या. प्रत्येकी वीस. दोन्हीकडे एकेक मोदकवाला उंदीर, तो सरदार. रंगाच्या उलट्या वाट्या म्हणजे किल्ले. कोब्यावर खडूने वीतभर लांबीरुंदीचे चौकोन आखायचे, रुंदीला बारा, खोलीला आठ. साप-शिडीचा फासा. सगळ्या उंदरांचे डोळे मीच काढले. दोन काळे ठिपके, वर पांढरा बिंदू. मामा ते बघून म्हणाला होता, "हात स्थिर हाय तुझा." त्या वाक्यावर मी महिनाभर जगले.

गणपती गेल्यावर कारखान्यात काम कमी असायचं. तेव्हापासून कामाचा जोर सुरू होईपर्यंत महिन्यातून दोन-तीन रविवारी मी सकाळच्या पॅसेंजरने रोह्याहून पेणला जायचे, मामा मला स्टेशनवर घ्यायला यायचा, आणि दुपारी डाव मांडायचो. मामा खेळताना माझ्याशी लहान मुलीशी खेळतात तसं खेळायचा नाही. चिडायचा. फासा नीट पडला नाही म्हणून भांडायचा. मी त्याचा सरदार घेरला की "रोह्याची माणसं लबाड" असं शेडमधल्या गणपतींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायचा.

प्रत्येक डावाची नोंद मी वहीत करायची. तारीख, कोणी कुठून हल्ला केला, कोण हरलं, का हरलं. इंग्रजीत, कारण नियम इंग्रजीत सुचले होते आणि कारण ती वही मामाला किंवा मामीला वाचता येऊ नये असं मला वाटायचं. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं तेव्हा.

पहिल्या वर्षी मामाच जास्त जिंकला. नववीत मला एक गोष्ट लक्षात आली. मी मामाच्या डाव्या टोकाच्या दोन रांगांतून, अगदी भिंतीच्या कडेने उंदीर पुढे सरकवले, तर मामा त्यांना अडवत नसे. मधल्या भागात तो माझी एकही खेळी सोडायचा नाही. पण कडेने चार-पाच उंदीर आले तरी तो शांत बसायचा आणि मग एकदम दचकून म्हणायचा, "हे कधी आले?" मी वहीत लिहिलं की मामा कडांचा विचार करत नाही. पुढे लिहिलं, उजवी कडही मोकळी असते, पण डावी जास्त. दहावीपर्यंत मी जवळपास प्रत्येक डाव जिंकत होते आणि मला वाटत होतं की मी हुशार झाले आहे.

बाकी गोष्टीही होत्या, पण त्यांना आम्ही एकत्र ठेवून पाहिलं नाही. मामाने सायकल सोडली. "वडखळच्या रस्त्याला ट्रक फार झालेत," म्हणाला, ते सगळ्यांना पटलं. तो रंगाच्या डब्यांना अडखळायचा आणि मामी ओरडायची, "आंधळ्यासारखा चालतोस काय रे!" एका वर्षी बऱ्याच मूर्तींच्या, समोर बसणाऱ्याच्या डाव्या हाताला येणाऱ्या कानातल्या कुंडलांना सोनेरी लावायचं राहून गेलं. शेवटचा हात मामाच फिरवायचा. पेणच्या व्यापाऱ्याने त्या परत पाठवल्या तेव्हा मामी म्हणाली, "नुसते डोळे काढले म्हंजे गणपती झाला काय? बाकी अंग कोण बघणार?" मामा हसला. डोळे त्याने नेहमीसारखेच काढले होते. एकाही मूर्तीचं बुबुळ केसभर सरकलेलं नव्हतं.

दहावीनंतरच्या सुट्टीत पप्पांनी ठरवलं की मी घराबाहेर पडलं पाहिजे. कॉलनीच्या क्लबात टेबल टेनिसचं एक टेबल होतं, संध्याकाळी पाच ते सहा बायका-मुलींसाठी. मी हातात कधी बॅट धरली नव्हती. शाळेत खेळाच्या तासाला मी स्कोअर लिहायचे.

शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू तिथे शिकवायच्या. त्या नागपूरच्या, कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळलेल्या, सलवार-कुर्त्यावर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून यायच्या. पहिल्या दिवशी मी चेंडू परतवायच्या ऐवजी त्याच्यापासून बाजूला झाले.

"अगं, चावत नाही तो," काकू म्हणाल्या. "माझ्या तोंडाकडे काय पाहते? बॉल पाहा नं."

पहिले पंधरा दिवस मी चेंडू आणायलाच जास्त धावले. कॅरम खेळणाऱ्या मुली माझ्याकडे बघून हसायच्या, मग हसायच्याही थांबल्या. पण हळूहळू मला त्यातला हिशेब दिसायला लागला. टेबलही चौकोनच होतं. समोरचा माणूस एका जागी उभा असतो, आणि तो नसतो ती जागा शोधायची. "तिथे मार जिथे कोणी नाही," काकू सारख्या सांगायच्या. हे मला येत होतं. हेच तर मी तीन वर्षं कोब्यावर करत होते. पावसाळा संपेपर्यंत मी कॉलनीतल्या दोन मुलींना हरवायला लागले आणि पप्पांनी मला नवी बॅट आणली. त्या बॅटचं लाल रबर मी वास घेऊन बघायचे. त्या चार महिन्यांइतकी मी आधी किंवा नंतर कधी खूश नव्हते, असं आता वाटतं.

अकरावीच्या दिवाळीत भाऊबीजेला मामा रोह्याला आला. आईने ओवाळलं. तिने ताट त्याच्या डाव्या हाताला बाजूला ठेवलं आणि मामा उठताना त्याचा पाय थेट त्यात पडला. निरांजन विझलं. आई म्हणाली, "अरे, बघून!" आणि मग अशुभ नको म्हणून पटकन हसली.

दुपारी मी त्याला क्लबात नेलं. मला माझा नवा खेळ त्याला दाखवायचा होता. क्लबात सणामुळे कोणी नव्हतं, फक्त काकू आपल्या बहिणीला टेबल दाखवायला आल्या होत्या. मामाने कधी बॅट धरली नव्हती, पण हात तयार असलेला माणूस. सरळ दिलेले चेंडू तो दहा मिनिटांत परतवायला लागला. चांगले परतवायला लागला. काकू म्हणाल्या, "वा, भाऊ तर खेळाडू निघाले."

मग आम्ही एकवीसचा गेम लावला.

मी पहिला चेंडू त्याच्या डाव्या कोपऱ्यात मारला. मामा हलला नाही. दुसरा उजवीकडे. हलला नाही. चुकला असं नाही. चेंडू नव्हताच, असा तो उभा राहिला. मग चेंडू मागे भिंतीवर आपटल्याचा आवाज आला की वळून बघायचा. मला हसू येत होतं. मी कोपरे सोडलेच नाहीत. एकोणीस-दोन झालं तेव्हा मी म्हणाले, "मामा, झोपलास काय?"

"तू टाकतेस कधी आणि जातो कुठनं!" तोही हसत होता. "लबाड रोह्याची!"

काकू हसत नव्हत्या. त्या टेबलापाशी आल्या, त्यांनी चेंडू उचलला आणि मामाला म्हणाल्या, "भाऊ, समोर माझ्या बहिणीकडे पाहा. मान हलवू नका." मग त्या त्याच्या डाव्या कानाशी चेंडू धरून उभ्या राहिल्या आणि तो हळूहळू पुढे आणायला लागल्या. "दिसला की सांगा."

चेंडू कानापासून निघाला. गालापाशी आला. मामा समोर बघत होता, अजून थोडा हसत. चेंडू जवळजवळ नाकासमोर आला.

"हा. आता दिसला."

काकूंनी दुसऱ्या बाजूने तसंच केलं. मग त्यांनी चेंडू माझ्या हातात दिला आणि मला म्हणाल्या, "गेम राहू दे." त्यांच्या सासऱ्यांना तसंच झालं होतं, हे त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे मामा, मामी आणि मी गेलो. डॉक्टर काही इंग्रजीत बोलले तर असावी म्हणून मी. एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात मामाला तोंड घालून बसवलं आणि आत ठिपका चमकला की बटण दाबायला सांगितलं. मी बाहेरून बटणाचा आवाज ऐकत होते. फार कमी वेळा वाजलं.

डॉक्टरांनी कागद दाखवला. दोन गोल, प्रत्येक डोळ्याचा एक. दोन्ही काळे, आणि मध्ये थोडीशी पांढरी जागा.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "कडेची नजर गेलेली आहे. मधली शिल्लक आहे, म्हणून बारीक काम जमतंय."

मामा म्हणाला, "पण मला काळं काय दिसत नाय."

"दिसत नाहीच. जे गेलं ते काळं दिसत नाही, ते नसतंच. म्हणून माणसाला कळत नाही."

"मग औषधानं येईल परत?" मामीने विचारलं.

"गेलेलं येत नाही. राहिलेलं जितके दिवस टिकवता येईल तितके दिवस टिकवायचं. लवकर आला असता तर बरंच टिकलं असतं." डॉक्टरांनी कागदावर लिहायला पेन उचललं. "साधारण कधीपासून जाणवतंय?"

मामाने मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, "कधीपासून म्हंजे? परवा कळलं आमाला."

"आधी काही? धडपडणं, वस्तू न दिसणं?"

"नाय बा," मामा म्हणाला.

मला उत्तर माहीत होतं. तारखेसकट माहीत होतं. वही रोह्याला माझ्या खणात होती आणि तिच्यात हा आजार पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता, माझ्या सुंदर अक्षरात, डावपेच म्हणून. मी वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं. मग दुसऱ्यांदा. डॉक्टरांनी 'नक्की माहीत नाही' असं काहीतरी लिहिलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

घरी आल्यावर मी वही काढून वाचली. आठवीत मामा कडेने आलेले उंदीर अडवायचा. पाच डावांत तसं लिहिलं होतं. मग नववीतला एक रविवार. 'डावी कड पूर्ण मोकळी. पुन्हा वापरून पाहणे.' आणि मी पुन्हा वापरलं होतं. दोन वर्षं, रविवारमागून रविवार, जिथे कोणी नव्हतं तिथे मारत राहिले होते. त्या दोन वर्षांत मी एकदा जरी आईला म्हणाले असते, मामाला बाजूचे उंदीर दिसत नाहीत. एकदा, विनोद म्हणून जरी.

क्लबात मी पुन्हा गेले, पण माझा हात गेला. समोरच्या मुलीचा कोपरा रिकामा दिसला की मी चेंडू मधे द्यायचे, तिच्या बॅटवर. कॉलन्यांच्या सामन्यांत मी पहिल्याच फेरीत हरले. काकू बाजूने ओरडत होत्या, "अगं बाजूला मार नं! रिकामी आहे ती जागा!" मला ती जागा दिसत होती. सामना संपल्यावर काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना काय वाटलं ते मला ठाऊक नाही. बॅट अजून आहे, रबर कडक होऊन कडेला सुटलं आहे.

थेंब घालणं चालू होतं. मामी वेळेवर घालायची, गजर लावून. तरी बारावीच्या वर्षी श्रावणात मामाने निरोप पाठवला: आखणीला ये. मी गेले. मामा मूर्तीच्या इतक्या जवळ बसला होता की त्याचा श्वास मूर्तीच्या सोंडेवर लागत होता. एक डोळा काढला की दुसरा त्याला सापडत नव्हता. बोटाने चाचपून, मग ब्रश.

"बाय, तू बस," तो म्हणाला. "तुझा हात स्थिर हाय. चाळीस उंदरांचे डोळे काढलेस."

मी बसले. मामाने शेजारी बसून सांगितलं: वरची रेघ आधी, कानाच्या बाजूने उचलायची, श्वास सोडताना. मी तसंच केलं. हात हलला नाही. रेघा स्वच्छ आल्या. बुबुळं काढली, वर पांढरा बिंदू ठेवला. मामाने मूर्ती दोन्ही हातांनी उचलून नाकाशी आणली आणि थोडी थोडी फिरवत, तुकड्यातुकड्याने बघितली. बराच वेळ.

"उंदराचे काढलेस गो," तो म्हणाला.

मामी बघायला आली आणि तिला हसू आवरेना. खरंच तसे होते. गणपती घाबरून बघत होता, कोणीतरी त्याच्यामागे लागल्यासारखा. मामाही हसला. मीही. मी आणखी तीन मूर्ती केल्या, चारही घाबरलेल्या. मग मामीने पेणहून एक आखणीवाला बोलावला. त्याने माझे डोळे पुसून आपले काढले. चांगले होते. मामा शेडच्या दाराशी स्टुलावर बसून होता, तोंड रस्त्याकडे करून. तिथून पुढे त्या कारखान्यात डोळे तोच माणूस काढतो.

त्या दिवाळीत मामा म्हणाला, "उंदीर काढ."

मी कोब्यावर चौकोन आखले. रुंदीला सहाच. मामाने हाताने खडूची रेघ चाचपली. "बारा असतात."

"सहा पुरेत."

"बारा आख."

मी बारा आखले. आणि मग सगळे उंदीर मधूनच पुढे नेले, त्याच्या अगदी समोरून. तो एकेक मारत गेला. चौथा मारल्यावर त्याने फासा खाली ठेवला.

"तू अशी कधी खेळत नव्हतीस."

मी मेलेले उंदीर बाजूला ओळीने लावले.

"कडेने यायचीस. डावीकडनं." तो माझ्या दिशेला बघत होता, पण थोडा चुकून, माझ्या खांद्यावर. "तुला कधी कळलं गो?"

शेडमध्ये त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. मामी विहिरीवर होती. वाक्य मनात तयार होतं. एक वर्ष तयार होतं.

"क्लबात," मी म्हणाले. "सगळ्यांबरोबरच."

"व्हय," मामा म्हणाला. त्याने फासा पुन्हा उचलला, हातात घोळवला. "मग ये आता कडेनं. मधून येऊन मला म्हातारा करू नको."

मी डाव्या कडेने उंदीर सरकवायला लागले. प्रत्येक खेळीला मी त्याला सांगत होते, पहिल्या रांगेत एक, दुसऱ्या रांगेत दोन. तो मान पूर्ण वळवून शोधायचा, कोंबडी दाणा बघते तसा, आणि हात पुढे करून चुकीच्या चौकोनात ठेवायचा. मी त्याचा हात धरून बरोबर चौकोनात नेला नाही. त्याला ते आवडलं नसतं. त्याचा सरदार घेरला गेला तेव्हा तेही मलाच त्याला सांगावं लागलं.

"कितीजण?"

"चार."

"कुठनं आले?"

"डावीकडून."

त्याने कोब्यावरून हात फिरवत चारही जांभळे उंदीर शोधून काढले, एकेकाला बोटाने मोजलं, आणि म्हणाला, "लिही तुझ्या वहीत."

मी वही उघडली. तारीख घातली. त्याच्यापुढे काही लिहिलं नाही, पण त्याला ऐकू जावं म्हणून पेन कागदावर बराच वेळ फिरवत राहिले.